संकेतस्थळाचे टपाल

(दुकानाच्या किंवा कारखान्याच्या संकेतस्थळावर ग्राहक चौकशीचा अर्ज भरतात. तो अर्ज कोठे जातो, तो कसा सांभाळावा आणि त्यातील माहितीशी कसे वागावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कार्यालयात टपाल येते, तेव्हा काय होते ते कधी पाहिले आहे का? कारकून पाकीट फोडतो. पत्रावर त्या दिवसाची तारीख टाकतो. मग एका जाड वहीत त्या पत्राची नोंद करतो. पत्र कोणाकडून आले, कधी आले, कशाविषयी आहे, हे तो लिहितो आणि पत्राला एक क्रमांक देतो. या वहीला आवक नोंदवही म्हणतात. उत्तर पाठवले, की त्याची नोंद जावक नोंदवहीत होते. पुढे एखादे पत्र गहाळ झाले, तरी ते आले होते याचा पुरावा वहीत राहतो.

ही रीत जुनी आहे. मराठ्यांच्या राज्यात पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला 'चिटणीस' म्हणत. 'चिठ्ठी' आणि 'नवीस' या दोन शब्दांपासून हा शब्द तयार झाला. 'खुशनवीस' हा शब्द तुम्हांला माहीत आहे, म्हणून 'नवीस' म्हणजे लिहिणारा हे वेगळे सांगायला नको. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशव्यांचे दप्तर आजही जतन केलेले आहे. त्यातील कागद कापडात बांधून ठेवत. अशा एका गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. दप्तर, रुमाल, अर्ज, तारीख, मजकूर हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. कागद नीट सांभाळण्याची काळजी दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी घेतली, हे या शब्दांवरून कळते.

आता टपाल नव्या वाटेनेही येते. लहान व्यापारीसुद्धा आपल्या धंद्याचे संकेतस्थळ तयार करून घेतात. त्यावर 'संपर्क' नावाचे एक पान असते. त्या पानावर नाव, फोन क्रमांक, ई-मेलचा पत्ता आणि निरोप यांसाठी चौकटी असतात. खाली 'पाठवा' असे बटण असते. ग्राहक चौकटी भरतो, बटण दाबतो आणि 'आपला निरोप मिळाला, धन्यवाद' असे शब्द पडद्यावर येतात. ग्राहक निश्चिंत होतो. परंतु तो निरोप खरोखर कोणाच्या हाती पडला का?

निरोप कोठे जातो?

बटण दाबल्यावर चौकटींतील मजकूर प्रथम सर्व्हरकडे जातो. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, त्याला सर्व्हर म्हणतात. लहान व्यापारी बहुधा सर्व्हरवरची जागा भाड्याने घेतात. तेथील एक प्रोग्राम तो मजकूर घेतो. यापुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे त्या मजकुराचा ई-मेल तयार करून मालकाला पाठवणे. दुसरी वाट म्हणजे तो मजकूर सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये लिहून ठेवणे. डेटाबेस म्हणजे संगणकाची नोंदवही.

अनेकांना वाटते, की या दोन्ही गोष्टी आपोआप होतात. तसे नसते. वर्डप्रेस ही संकेतस्थळे तयार करण्याची प्रणाली २००३ साली सुरू झाली. तिच्यावर अर्ज तयार करण्यासाठी 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' नावाचे साधन जगभर वापरतात. हे साधन निरोपाचा ई-मेल पाठवते, पण स्वतः निरोप साठवून ठेवत नाही. त्यासाठी 'फ्लेमिंगो' नावाचे दुसरे साधन जोडावे लागते. ते जोडले नाही आणि ई-मेल वाटेत हरवला, तर निरोपाची कोठेही नोंद उरत नाही. म्हणजे पत्र आले, पण आवक नोंदवहीच नाही, अशी गत होते.

एक उदाहरण

समजा, मालेगावात एका कुटुंबाचा शिलाईचा छोटा कारखाना आहे. तेथे शाळांचे गणवेश शिवतात. अब्बा कापड आणि कारागीर पाहतात. मोठी मुलगी हिशेब आणि संकेतस्थळ पाहते. घरात सगळे तिला आपा म्हणतात. मे महिन्याच्या २ तारखेला दूरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी संकेतस्थळावरून निरोप पाठवला, 'आम्हांला २०० गणवेश हवे आहेत. शाळा जूनच्या मध्यावर उघडेल. कृपया दर कळवा.'

हा निरोप ई-मेलने निघाला, पण जीमेलने तो स्पॅममध्ये टाकला. स्पॅम म्हणजे नको असलेल्या पत्रांचा कप्पा. आपाने तो कप्पा उघडलाच नाही. जीमेल या कप्प्यातील पत्र ३० दिवसांनंतर आपोआप काढून टाकते. मुख्याध्यापकांनी आठवडाभर वाट पाहिली आणि काम दुसऱ्या कारखान्याला दिले. जूनमध्ये त्यांनी कारखान्यात फोन केला, "अहो, आमच्या पत्राला साधे उत्तरही दिले नाहीत!"

अब्बांनी आपाला विचारले, "बेटी, असे पत्र आले होते का?"

आपा म्हणाली, "अब्बा, मला दिसले नाही. आता ते शोधायलाही जागा नाही."

कारागिरांच्या हातचे दोन आठवड्यांचे काम गेले. त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी विश्वासाने लिहिले, त्यांना आपण कानाडोळा केला असे वाटले.

हे पत्र स्पॅममध्ये का गेले? अर्जाची मांडणी करताना पाठवणाऱ्याच्या जागी ग्राहकाचाच ई-मेल पत्ता घातला होता. पत्र निघाले कारखान्याच्या सर्व्हरवरून आणि त्यावर नाव मात्र दुसऱ्याच्या पत्त्याचे. ई-मेल पोहोचवणाऱ्या कंपन्यांना असे पत्र बनावट वाटते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पत्र पाठवणाऱ्यांसाठीचे नियम अधिक कडक केले आहेत. म्हणून पाठवणारा म्हणून आपल्या संकेतस्थळाचाच पत्ता द्यावा आणि 'उत्तर येथे पाठवा' या जागी ग्राहकाचा पत्ता द्यावा. म्हणजे पत्र खरे ठरते आणि उत्तरही योग्य माणसाला जाते.

आपाने ही मांडणी बदलली. निरोप डेटाबेसमध्ये साठवणारे साधन जोडले. शिवाय दर सोमवारी ती स्वतः संकेतस्थळावरून एक निरोप पाठवून पाहू लागली. तो ई-मेलमध्ये आला का आणि नोंदीतही दिसतो का, हे ती तपासते. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

नोंद कशी ठेवावी?

निरोप साठवला म्हणजे काम संपले असे नाही. तो कोणी वाचला, उत्तर दिले की नाही, हेही कळले पाहिजे. त्यासाठी एक तक्ता करावा. त्यात पुढील रकाने असावेत : क्रमांक, तारीख, नाव, संपर्क, विषय, काम कोणाकडे दिले, काय उत्तर दिले आणि सद्यःस्थिती. सद्यःस्थितीच्या रकान्यात तीनच शब्द पुरेत : 'नवा', 'चालू', 'पूर्ण'. रोज सकाळी 'नवा' असे लिहिलेले निरोप आधी पाहावेत. दर कळवायला वेळ लागणार असेल, तर 'आपले पत्र मिळाले, परवापर्यंत दर कळवतो' एवढे तरी त्याच दिवशी लिहावे.

तक्ता एकाच जागी असावा. काही निरोप अब्बांच्या फोनमध्ये, काही आपाच्या वहीत आणि काही ई-मेलमध्ये राहिले, तर एकाच ग्राहकाला दोघे दोन वेगळे दर सांगतात.

संगणकावर तक्ता करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली गोष्ट फोन क्रमांकाची. मालेगावचा दूरध्वनी संकेतांक ०२५५४ आहे. हा आकडा एक्सेलमध्ये तसाच टाकला, तर एक्सेल त्याला संख्या समजते आणि सुरुवातीचे शून्य गाळते. उरतात २५५४. म्हणून फोन क्रमांकाचा रकाना 'मजकूर' या प्रकारचा करावा. दुसरी गोष्ट लिपीची. ग्राहक कधी मराठीत लिहितो, कधी उर्दूत, कधी इंग्रजीत. या सर्व लिप्या एकत्र साठवण्यासाठी यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात. फाईल साठवताना वा उघडताना ती निवडली नाही, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात आणि ग्राहकाचे नावसुद्धा वाचता येत नाही.

नको असलेले टपाल

संकेतस्थळावर अर्ज ठेवला, की खऱ्या ग्राहकांबरोबर खोटे निरोपही येतात. न मागता जाहिरात पाठवण्याचा प्रकार नवा नाही. १९७८ साली अमेरिकेतील आर्पानेट या संगणक-जाळ्यावर एका कंपनीची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली गेली होती आणि त्याबद्दल लोकांनी तक्रारीही केल्या होत्या. आज हे काम माणसे कमी आणि प्रोग्राम जास्त करतात. एक प्रोग्राम रात्रभर हजारो अर्ज भरत सुटतो.

त्याला अडवण्याचा एक सोपा उपाय आहे. अर्जात एक जादा चौकट ठेवतात आणि ती माणसाला दिसणार नाही अशी लपवतात. माणूस ती रिकामी सोडतो. प्रोग्राम मात्र दिसेल ती चौकट भरतो. लपवलेली चौकट भरलेली आली, की तो निरोप खोटा समजावा. दुसरा उपाय 'कॅप्चा' हा आहे. चित्रे किंवा वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगून समोर माणूस आहे की प्रोग्राम, हे त्यात तपासतात. कॅप्चा फार अवघड ठेवू नये. ज्यांची नजर कमजोर आहे, त्यांना त्याची तसदी होते आणि खरे ग्राहक परत जातात.

निरोप ही अमानत

मित्रांनो, आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. ग्राहक आपले नाव आणि फोन क्रमांक तुम्हांला कशासाठी देतो? त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळावे, एवढ्यासाठी. ती माहिती तुमच्या मालकीची होत नाही. ती तुमच्याकडे ठेवलेली अमानत असते.

समजा, एके दिवशी शेजारचा एक व्यापारी कारखान्यात आला. त्याला वह्या विकायच्या होत्या. तो आपाला म्हणाला, "तुमच्याकडे कितीतरी मुख्याध्यापकांचे फोन क्रमांक आहेत. मला ती यादी द्या ना. तुमचे काय जाते?"

आपा म्हणाली, "चाचा, त्यांनी क्रमांक गणवेशासाठी दिले आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मी ते कसे देऊ? तुमचे पत्रक येथे ठेवून जा. कोणी वह्यांविषयी विचारले, तर मी जरूर दाखवीन."

व्यापारी थोडा नाराज झाला. पण आपाचे म्हणणे योग्य होते. शेजारधर्म तिने मोडला नाही आणि अमानतही सांभाळली.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा नागरिकांचा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. माहिती कशासाठी घेतो हे सांगावे, ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, ती सुरक्षित ठेवावी आणि काम संपल्यावर ती पुसावी, ही या कायद्यातील मुख्य तत्त्वे आहेत. आपली माहिती दुरुस्त करा किंवा पुसून टाका, असे सांगण्याचा हक्क माणसाला आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची असेल, तर पालकांची संमती लागते.

म्हणून अर्जात गरजेपुरतेच विचारावे. गणवेशाचा दर सांगण्यासाठी ग्राहकाची जन्मतारीख कशाला हवी? जी माहिती घेतलीच नाही, ती चोरीला जाण्याची भीतीही नाही. अर्जाखाली एक ओळ लिहावी, 'आपला क्रमांक केवळ आपल्या चौकशीचे उत्तर देण्यासाठी वापरला जाईल.' संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होतो की नाही, हेही पाहावे. तसे असल्यास ग्राहकाकडून सर्व्हरपर्यंत जाताना मजकूर गुप्त रूपात जातो आणि वाटेत कोणाला वाचता येत नाही. नोंदी पाहण्याचा पासवर्ड सर्वांना देऊ नये. ज्याचे काम आहे, त्यालाच द्यावा. निरोपाचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याची सवय तर मुळीच लावू नये.

काय ठेवावे, काय पुसावे?

सर्व्हर बंद पडतो, कधी त्याचे भाडे भरायचे राहून जाते, कधी कोणी चुकून नोंदी पुसतो. म्हणून आठवड्यातून एकदा नोंदींची नक्कल काढून दुसऱ्या जागी ठेवावी. जाणकार लोक ३-२-१ असा नियम सांगतात. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. नक्कल काढल्यावर ती उघडून पाहावी. जी नक्कल उघडत नाही, ती असून नसल्यासारखी आहे.

पण सगळेच कायमचे ठेवायचे नसते. ज्या चौकशीतून काम मिळाले आणि बिल झाले, तिचे हिशेबाचे कागद ठेवावे लागतात. जीएसटीमध्ये नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला असे कागद वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. ज्या चौकशीतून काहीच पुढे झाले नाही, ती किती दिवस ठेवायची हे आधी ठरवावे आणि मुदत संपली, की ती पुसून टाकावी. त्या वेळी जुन्या नकलांमधूनही ती जाईल असे पाहावे. आपाने अशा चौकशीसाठी एक वर्षाची मुदत ठरवली. दरवर्षी जुलैमध्ये गणवेशांची गडबड संपली, की ती हे काम करते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच मुख्याध्यापकांना आपाने स्वतः फोन केला. गेल्या वर्षी त्यांचे पत्र का मिळाले नाही, ते तिने खरे खरे सांगितले. त्यांनी या वेळी ५० गणवेशांचे काम दिले. काम लहान होते, पण ते वेळेवर पोहोचले.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी दुकान चालवील, कोणी कारखाना, कोणी दवाखाना. तुमच्याकडेही लोक असेच निरोप पाठवतील. आलेल्या प्रत्येक निरोपाची नोंद करा, त्याला वेळेवर उत्तर द्या आणि निरोप पाठवणाऱ्याची माहिती दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका.

शब्दार्थ

संकेतस्थळ – वेबसाइट
आवक – आत आलेले (टपाल, माल)
जावक – बाहेर गेलेले
गहाळ होणे – हरवणे
पुराभिलेखागार – जुने सरकारी कागद जतन करण्याची जागा
जतन करणे – सांभाळून ठेवणे
रकाना – तक्त्यातील उभा भाग, कॉलम
सद्यःस्थिती – आताची स्थिती
तसदी – त्रास
अमानत – विश्वासाने सोपवलेली ठेव
मुदत – ठरवलेला काळ

वाक्प्रचार

कानाडोळा करणे – मुद्दाम दुर्लक्ष करणे
हातचे जाणे – मिळण्यासारखे असलेले निसटणे
असून नसल्यासारखे असणे – काही उपयोग नसणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) आवक नोंदवहीत कशाची नोंद करतात?
(२) 'चिटणीस' हा शब्द कोणत्या दोन शब्दांपासून तयार झाला?
(३) स्पॅममधील पत्र जीमेल किती दिवसांनंतर काढून टाकते?
(४) फोन क्रमांकाचा रकाना कोणत्या प्रकारचा करावा?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मुख्याध्यापकांचे पत्र स्पॅममध्ये का गेले?
(२) लपवलेल्या चौकटीमुळे खोटा निरोप कसा ओळखता येतो?
(३) आपाने व्यापाऱ्याला यादी का दिली नाही?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले ते लिहा.
(१) "आता ते शोधायलाही जागा नाही."
(२) "तुमचे काय जाते?"

प्र. ४. 'दप्तर', 'अर्ज', 'मजकूर', 'अमानत' हे शब्द वापरून प्रत्येकी एक मराठी वाक्य तयार करा. हे शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात, ते वर्गात सांगा.

उपक्रम : तुमच्या शाळेच्या किंवा घरच्या धंद्यासाठी चौकशीचा एक अर्ज कागदावर तयार करा. प्रत्येक चौकटीसमोर ती माहिती का हवी, ते लिहा. कारण सापडले नाही, तर ती चौकट खोडा.